माझ्या तोंडची शिवी

मी हॉर्न बोलतोय. माझं स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय. एरवी माझ्या तोंडून दुसरेच बोलून घेतात आणि लोक मात्र दचकून माझ्याकडे बघतात, जसा काही राग माझाच आहे!

टेक्सासातल्या प्लेनोमध्ये एका करड्या सेडानच्या पुढच्या जाळीमागे माझा मुक्काम आहे. तोंड रस्त्याकडे, पण मला वाजवायची गादी स्टिअरिंगच्या मधोमध, चालवणाऱ्याच्या छातीसमोर. त्यामुळे मला रस्ताही दिसतो आणि माणसाचा तळहातही कळतो. तोंडाने माणूस काहीही म्हणो, तळहाताला खोटं बोलता येत नाही.

कारखान्यात एका बाईने मला एकदाच वाजवून पाहिलं, मान डोलावली आणि पुढे ढकललं. संकट दिसलं की ओरडायचं, एवढंच माझं काम आहे असं मी समजून चाललो होतो. माझी पहिली मालकीण निवृत्त शिक्षिका. पाच वर्षांत तिने मला दोनदा दाबलं. एकदा कुत्रं आडवं आलं म्हणून, एकदा शेजाऱ्याची व्हॅन न बघता मागे येत होती म्हणून. सुखाचे दिवस होते. थोडा कंटाळलोही होतो, ते कशाला लपवू?

मग तिची नजर अधू झाली आणि तिने गाडी विकली. ती सत्यजितने घेतली. नागपूरचा इंजिनिअर, नोकरीसाठी नुकताच आलेला. बायको गिरिजा आणि तीन वर्षांची अनिका सहा महिन्यांनी यायची होती.

पहिल्या आठवड्यात माझा घसा बसायची वेळ आली. वळणावर पों, गल्लीच्या तोंडाशी पों, सायकलवाल्याला मागून पों. तळहातात राग अजिबात नव्हता. ‘येतोय हं’ एवढंच त्याला सांगायचं असायचं. रस्त्यावरची माणसं मात्र दगड लागल्यासारखी वळून बघायची. शेवटी ऑफिसातला प्रथमेश एकदा शेजारी बसला आणि कळवळून म्हणाला, “अरे यार, इथे हॉर्न म्हणजे शिवी! कोणी उतरून ठोकेल तुला.”

सत्यजित शरमला. वर्षभर त्याने मला हात लावला नाही. पुढे लावला तेव्हा शिवी म्हणूनच लावला.

हे असं कसं होतं, सांगा ना मला! हाच माणूस बिल्डिंगचं दार दुसऱ्यासाठी धरून ठेवतो, लिफ्टमध्ये “आफ्टर यू” म्हणतो. एका संध्याकाळी गाडीतच मॅनेजरचा फोन होता. प्रमोशन याही वर्षी नाही. “शुअर, नो प्रॉब्लेम, आय अंडरस्टँड,” सत्यजित म्हणाला. फोन ठेवला आणि तिसऱ्या सेकंदाला अख्खा तळहात माझ्यावर पडला. पुढच्या निळ्या गाडीचा गुन्हा काय? तिने ब्रेक लावला होता. समोर लाल दिवा होता म्हणून!

स्वतः तीन लेन कापून घुसला की, “एक्झिट चुकली असती ना यार.” दुसरा घुसला की, “मुद्दाम केलं बघ!” प्रत्येक वेळी कारण स्वतःला आणि हेतू दुसऱ्याला. बारा वर्षं मी हे ऐकत आलोय. दुसऱ्याच्या गाडीतही असाच कोणी तरी बसलाय, त्याचाही फोन नुकताच झालाय, हे त्याच्या कधी मनातच येत नसे. त्याला माणूस दिसायचाच नाही. दिसायचा तो बंपर.

गिरिजा पुण्याची. ती आवाज न चढवता म्हणायची, “काच बंद आहे, सत्यजित. तो नाही ऐकत. मी ऐकते.”

“तुला नाही कळायचं, मुद्दाम हळू चालवतोय तो.”

“हो, सकाळी उठून तुझंच नाव घेऊन निघाला असेल घरातून.”

मागे अनिकाही ऐकत होती. घरी आई मराठीत विचारायची, अनिका इंग्रजीत उत्तर द्यायची. “मराठी येत नाही हिला,” म्हणून दोघं हळहळायचे.

यंदा ती पंधरा वर्षांची झाली. टेक्सासात आईवडील स्वतः मुलांना गाडी शिकवू शकतात. शिकवणारा म्हणून फॉर्मवर सत्यजितने हौसेने स्वतःचं नाव घातलं. शनिवारी सकाळी अनिका स्टिअरिंगवर बसली. दातांना ब्रेसेस, हात गार, घामेजलेले. पण चालवत छान होती, अगदी जपून.

एका सिग्नलला आमच्यापुढे उंच पिकअप ट्रक उभा होता. दिवा हिरवा झाला. ट्रक हलला नाही. एक सेकंद गेला असेल नसेल, अनिकाचा गार तळहात माझ्यावर आपटला. मी लांबलचक किंचाळलो. आणि जिला मराठी येत नाही ती मुलगी खणखणीत नागपुरीत ओरडली, “सरक ना बे! झोपला का?”

सत्यजित थिजून बघत राहिला. क्षणभर त्याला हसूच येऊ घातलं होतं. तेवढ्यात ट्रकचं दार उघडलं.

माणूस धिप्पाड होता. चेहरा लालभडक. तरातरा तो अनिकाच्या काचेपाशी आला. या राज्यात कोणाच्या गाडीत बंदूक असेल, सांगता येत नाही. सत्यजितलाही ते माहीत होतं.

“काच उघडू नकोस, अनिका. माझ्याकडे बघ.”

बाहेरचा ओरडत होता, “काय प्रॉब्लेम आहे तुमचा? तिथे बाई बाबागाडी घेऊन चाललीय, दिसत नाही?”

त्याने काचेवर थाप मारली. अनिका आक्रसली. सत्यजितचा हात शेजारून झपाट्याने आला तो थेट माझ्या गादीवर. सवयच ती! मी गारठलो. दाबू नकोस रे, मी आतल्या आत ओरडत होतो. आत्ता इथे तुझ्या लेकीला वाचवेल असा शब्द माझ्याकडे नाही. माझ्याकडे एकच शब्द आहे आणि तो इथे शिवी आहे.

हात माझ्यावर टेकला, पण दाबला नाही. मग उचलला गेला. सत्यजितने दोन्ही तळवे काचेसमोर उघडे धरले आणि मोठ्याने म्हणाला, “सॉरी, सर. माय फॉल्ट.”

त्या माणसाने वाकून आत पाहिलं. ब्रेसेसवाला रडवेला चेहरा त्याला बहुधा तेव्हाच दिसला. त्याने श्वास सोडला. “शिकवतोयस ना तिला? मग नीट शिकव,” असं म्हणून माझ्या डोक्यावरच्या बॉनेटवर एक धपका घालून तो निघून गेला. ट्रक हलला तेव्हा पलीकडच्या फुटपाथवर बाबागाडी चढवणारी बाई आम्हा सगळ्यांना दिसली.

अनिकाने कशीबशी गाडी जवळच्या पार्किंगमध्ये नेली आणि इंजिन बंद केलं.

“हॉर्न मी केला. तू माय फॉल्ट का म्हणालास?”

“ते ‘सरक ना बे’ कुठे शिकलीस?”

“सीरियसली, बाबा?”

त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. घरी परत गाडी त्यानेच चालवली. सगळे आम्हाला मागे टाकून गेले.

त्या दुपारी त्याने गिरिजाला सांगितलं, “फॉर्मवर तुझं नाव घाल. माझ्याकडून हिने आणखी काही शिकायला नको.”

“घालते,” गिरिजा म्हणाली. “पण तू घरी नाही बसायचंस. मागच्या सीटवर बस. तिथून कसं ऐकू येतं ते कळू दे.”

अनिका आठ दिवस गाडीकडे फिरकली नाही. आज सकाळी मात्र ती हायवेवर शिरत होती. जागा होती तेवढ्यात एका गाडीने वेग वाढवून ती बुजवली. अनिकाचे हात घट्ट झाले. मागे सत्यजितने ओरडायला तोंड उघडलं.

“बाबा, से इट नाइसली!” आरशात बघत अनिकाने बजावलं.

त्याने उघडलेलं तोंड आधी मिटलं. “जाऊ दे... घाई असेल त्यांना.”

गिरिजा हसली. “बारा वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याला घाई असू दिलीस!”

मला कधीच दाबू नका, असं मी म्हणत नाही. चेंडूमागे पोर धावलं, ट्रक न बघता मागे येऊ लागला, तर सारी ताकद लावून दाबा. मी जीव तोडून ओरडेन. पण ऑफिसात गिळलेला अपमान माझ्या तोंडून थुंकू नका. तो ज्याच्यावर उडतो त्याने तुमचं काहीही केलेलं नसतं.

मी निश्चिंत झालोय असं समजू नका. उद्या सोमवार. सत्यजित एकटाच ऑफिसला निघेल. मागच्या सीटवर कोणी नसेल, वाटेत मॅनेजरचा फोन येईल आणि पुढे कोणाची तरी निळी गाडी ब्रेक लावेल.

मी आत्तापासूनच त्याच्या तळहाताची वाट बघतोय.