दुसरी धाव

सहाही भोकं मी एकटीने पाडली. यंदा तळ्यावरचा बर्फ दीड हात जाड होता. इंजिनाचं गिरमिट आमच्या शेडमध्ये आहे, पण ते सुरू करायला दोरी हिसडावी लागते. मला ते जमत नाही आणि माझ्या नवऱ्याच्या, रेनोच्या, मुठीत आता तेवढा जोर उरलेला नाही. म्हणून हाताने फिरवायचं जुनं गिरमिट आणलं होतं. चौथ्या भोकापर्यंत माझे खांदे भरून आले.

रेनो उलट्या बादलीवर बसून बघत होता.

"पाचवं वाकडं जातंय," तो म्हणाला.

"मग ये आणि सरळ कर."

"मी मुकादम आहे. मुकादम उठत नसतो."

"मुकादमाला निदान कॉफी ओतता येते का?"

त्याने थर्मास दोन्ही तळव्यांमध्ये धरून ओतली, बोटांनी नाही. तरी थोडी बर्फावर सांडली. त्याने ती बुटाने पुसली आणि मी ते न पाहिल्यासारखं केलं.

गेल्या उन्हाळ्यात त्याला चार महिने सलाइनमधून औषधं दिली. त्यांनी आजार गेला, पण जाताना बोटांच्या टोकांची आणि पायांच्या तळव्यांची जाणीव घेऊन गेला. तळवे बधिर असल्याने प्रत्येक पाऊल तो डोळ्यांनी बघून टाकतो. शर्टाची बटणं मी लावते. संवेदना परत येईल का, असं विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल किंवा नाही येणार. एवढं तर मलाही माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी, सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, वरच्या फळीवर बसल्या बसल्या, त्याने सांगून टाकलं होतं, "इल्मा, उद्या माझ्या हाताला मासा कळला तर ठीक. नाही कळला तर गॉर्डीला सांग, झेंड्या, स्लेज, गिरमिट, सगळं घेऊन जा म्हणावं. बर्फावर प्रेक्षक म्हणून मी बसणार नाही."

गॉर्डी त्याचा भाचा. आणि रेनो एकदा बोलला की बोलला.

खरं सांगते, ऐकून आधी मला हायसं वाटलं. मी सत्तरीची झाले. भोकं पाडायची, स्लेज ओढायची, ओली दोरी उलगडायची, घरी येऊन त्याचे बूट काढायचे, मग आपले. पण नंतर स्वयंपाकघरातली तळ्याकडची खिडकी डोळ्यांसमोर आली. डिसेंबर ते मार्च तो त्या खिडकीत बसणार आणि मी त्याच्यामागे भांडी घासणार. त्या विचाराने माझी झोप उडाली.

सहा भोकांवर सहा झेंड्या लावल्या. माणशी तीनच गळ, असा आमच्याकडे नियम आहे. लाकडी फुलीसारखी चौकट भोकावर आडवी बसते, रीळ चौकटीवर असतं, दोरी पाण्यात जाते आणि गळाला आमिषाची मेलेली मासोळी. माशाने ती ओढली की वाकवून अडकवलेली झेंडी ताडकन उभी राहते. दुरून नारिंगी फडकं दिसलं की उठायचं.

पण झेंडी उभी राहिली म्हणजे मासा मिळाला असं नाही. पाइक मासा मासोळी आडवी पकडतो, कुत्र्याने हाडूक धरावं तशी, आणि पळतो. ही पहिली धाव. तेव्हा झटका दिला की मासोळी तोंडातून निसटते. मग तो थांबतो. थांबून मासोळी फिरवतो, डोकं आधी आत घेतो, आणि पुन्हा निघतो. ती दुसरी धाव. गळ रुतवायचा तो तेव्हा. त्याहून उशीर केला तर गळ पोटात जातो, आणि मासा मापात भरला नाही तर मेलेला मासा पाण्यात परत सोडावा लागतो. रीळ थांबलेलं डोळ्यांना दिसतं, पण मासोळी फिरवताना दोरीत जी बारीक टिकटिक होते ती फक्त बोटांना कळते.

आणखी एक गोष्ट. ज्याची झेंडी, त्याचीच दोरी. रेनोच्या घराण्यात हा नियम जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखा पाळतात. सात वर्षांचा रेनो आपल्या झेंडीकडे धावताना दोनदा पडला होता. बाप भोकाशी उभा राहून पाइप ओढत राहिला. पाइकने सगळं रीळ रिकामं केलं, पण बापाने दोरीला हात लावला नाही.

पहिली झेंडी दहाच्या सुमाराला उठली. रेनोची, सगळ्यांत लांबची.

"झेंडी!" मी ओरडले. सवयीने धावले आणि सवयीने आधी पोचले. रीळ गरगर फिरत होतं. मागे पाहिलं. रेनो वाऱ्याने जमलेल्या बर्फाच्या उंचवट्यावर अडकला होता, काठी टेकत एकेक पाऊल बघत येत होता. निम्मीही वाट झाली नव्हती.

रीळ थांबलं.

मी एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला. आमच्याकडे हिवाळ्यात मधल्या सुट्टीला वीस मुलांचे चाळीस बूट. नवी शिक्षिका आली की मी तिला एकच गोष्ट सांगायची: मूल नाडी बांधत असताना स्वतःचे हात पाठीमागे धर. तू एकदा बांधून दिलीस की ते मूल पुढचा महिनाभर पाय पुढे करून उभं राहतं. एकतीस वर्षं मी माझे हात पाठीमागे धरले.

त्या दिवशी नाही धरले. चौकट बाजूला केली, दोरी बोटात घेतली. टिकटिक लागली, थांबली, दोरी निघाली, आणि मी खांद्यापासून झटका दिला. लागला. चांगला जड होता.

रेनो धापा टाकत पोचला. मी दोरी त्याच्या हातात दिली. "लागलाय बघ. आपोआपच लागला असेल."

त्याने दोरी तळव्याभोवती घेतली. क्षणभर उभा राहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"आपोआप?"

मी चौकट उचलून तिच्यावरचा बर्फ झटकला.

"आपोआप लागलेला मासा ओढत राहतो, इल्मा. हा मान झटकतोय. याला आत्ताच कुणीतरी झटका दिलाय."

त्याने हात उघडला. दोरी सैल पडली. पाण्याखाली माशाने दोन-तीनदा मान झाडली असेल, आणि दोरी हलकी झाली. रेनोने वाकून, धडपडत, गळ वर घेतला. नवी मासोळी मात्र त्याने माझ्याकडून लावून घेतली. त्याला ती लावता येत नव्हती म्हणून.

दुपारपर्यंत आम्ही आपापल्या झेंड्यांकडे बघत बसलो. वेलचीचा पाव खाल्ला, तो गोठून दगड झाला होता. बाराला गॉर्डी त्याची बर्फावरची मोटार घेऊन आला आणि गरम पेस्ट्या दिल्या, म्हणजे भाजलेल्या मोठ्या करंज्या, आत बटाटा आणि मांस. त्याच्या बायकोने टॉवेलात गुंडाळून पाठवल्या होत्या.

"काय मामा, किती झाले?"

"एक. तुझ्या मामीने पकडला, मी सोडला."

"बरी वाटणी आहे," गॉर्डी हसला. मग आम्हा दोघांकडे पाहून हसायचा थांबला. "मी थांबू का? झेंड्यांवर धावायला?"

"तू तुझ्या झेंड्यांकडे बघ," रेनो म्हणाला. "मघापासून एक उभी आहे तिकडे."

गॉर्डीने वळून पाहिलं. खरंच उभी होती. तो शिव्या देत पळाला, आणि रेनो सकाळपासून पहिल्यांदा जरासा हसला.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हो."

"तू पडशील असं वाटलं."

"पडलो असतो तर पडलो असतो." त्याने पेस्टीचा शेवटचा तुकडा तळव्यांत धरून खाल्ला. "तू मला मासा नाही दिलास, इल्मा. तू मला नापास केलंस. परीक्षेला बसू न देता."

शिक्षिकेला याहून वाईट काय सांगणार!

अडीच वाजता त्याची मधली झेंडी उठली. या वेळी मी ओरडलेसुद्धा नाही, त्यानेच पाहिली. मी त्याच्यामागून चालले. हात कोटाच्या खिशात खोल घातले होते. तो काठीने चाचपत चालला होता आणि समोर रीळ फिरताना दिसत होतं. मग ते थांबलं. अजून वीस पावलं होती. मी दात आवळून त्याच्या बुटांच्या टाचा बघत राहिले.

पोचल्यावर गुडघे टेकायलाच त्याला कितीतरी वेळ लागला. हातमोजे दातांनी ओढून काढले. चौकट कोपराने सरकवली. दोरी उजव्या बोटांत घेतली आणि थांबला.

"काही नाही," तो म्हणाला. मग डाव्या. "काही नाही. काथ्या धरलाय की शेवई, कळत नाही."

मी हात खिशातच ठेवले.

मग त्याने बाही मागे सारली. मनगट उलटं केलं, जिथे नाडी बघतात तिथे, आणि दुसऱ्या हाताने ओली दोरी त्यावर आडवी ठेवली. तेवढ्या थंडीत ती कातडीला चावत असणार. त्याने डोळे मिटले.

वारा पडला होता. गॉर्डीच्या बाजूने कुणाचं तरी हसणं ऐकू आलं. रेनोचं मनगट लाल होत गेलं, मग पांढरं. मला वाटलं मासा कधीच सोडून गेला आहे आणि हा माणूस तळ्याची नाडी बघत बसला आहे.

"फिरवतोय," तो हळूच म्हणाला.

मी पुढे वाकले.

"अजून फिरवतोय. थांब. थांब." आणि मग, "निघाला!"

त्याने मूठ आवळली आणि सगळं अंग मागे टाकलं. दोरी त्याच्या मुठीतून सरसर निघून गेली. तो पाठीवर पडला. भोकात पाणी डचमळलं आणि शांत झालं.

"तुला लागलंय?" मी विचारलं.

"नाही." तो आभाळाकडे बघत म्हणाला. "दोरी धरलीच नव्हती मी. मुठीला वाटत होतं धरली आहे."

मी त्याला बसतं केलं आणि दोरी वर ओढली. गळाला मासोळी तशीच होती. रेनोने ती तळव्यावर घेतली, नाकाजवळ नेऊन उलटसुलट पाहिली आणि माझ्यासमोर धरली.

"वाच, मास्तरीणबाई."

मी चष्मा पुसला. मासोळीच्या पोटावर आडवे ओरखडे होते, दोन्ही बाजूंना. ते पहिल्या पकडीचे. आणि डोक्याभोवती, कल्ल्यांपर्यंत, दुसरे ओरखडे, ताजे आणि खोल.

"आधी आडवी धरली," मी म्हणाले. "मग फिरवली. डोकं आत घेतलं होतं."

"आणि मी 'निघाला' कधी म्हणालो?"

"त्याच्यानंतर."

"बरोबर की चूक?"

"बरोबर."

त्याचं मनगट अजून उघडंच होतं. बाही खाली ओढायचंही त्याच्या लक्षात नव्हतं. मी ती ओढली आणि त्याने ओढू दिली.

"मनगटाला कळतंय," तो म्हणाला. "मुठीला नाही. तुझ्या मुठीला काय झालंय?"

"ज्याची झेंडी, त्याचीच दोरी," मी म्हणाले.

"तो माझ्या बापाचा नियम. त्याच्या दोन्ही मुठी शाबूत होत्या." त्याने मासोळी भोकात टाकून दिली. "मी सांगेन तेव्हा ओढायचं. आधी नाही. आणि आपोआप तर मुळीच नाही."

मला हसू यायला हवं होतं, पण मी फार थकले होते. पुढचे किती हिवाळे, आणि दर वेळी ही सहा भोकं, असा हिशोब डोक्यात फिरत होता. तसं त्याला सांगितलंही.

"पुढच्या वेळी तीनच पाडेन मी."

"चार."

"तीन, रेनो."

"बरं, तीन. पण सरळ."

"आणि गॉर्डीला काय सांगू?"

"सांग, स्वतःच्या पैशाने झेंड्या घे म्हणावं."

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. सामान आवरायची वेळ झाली होती आणि घरी पोचेपर्यंत माझ्यात किती जोर उरेल याची मला खात्री नव्हती. मी स्लेजकडे वळले, तर लांबची झेंडी उभी. सकाळी उठली होती तीच.

मी दोन पावलं धावले आणि थांबले. तो उठेपर्यंत उभी राहिले. मग त्याच्या बाजूने, त्याच्याच चालीने निघाले.

"रीळ संपेल," तो म्हणाला.

"संपू दे."

संपलं नव्हतं. त्याने गुडघे टेकले, बाही सारली, दोरी मनगटावर ठेवली. मी त्याच्यामागे बसून, हातमोजे काढून, दोरी दोन्ही मुठींत घेतली, सैलच. माझ्या बोटांना टिकटिक लागत होती. माझ्या मते वेळ झाली होती.

"अजून नाही," रेनो म्हणाला.

मी थांबले.