बिसेन सरांची तक्रार

पित्ताशयाच्या ऑपरेशनची बाई अजून बाहेरच्या खोलीत होती. सर्जन डॉ. हेमराज बिसेन बेसिनपाशी हात धूत होते. शेजारी उभ्या भूलतज्ज्ञ डॉ. संघमित्रा रामटेकेच्या नाकाला दारूचा भपकारा झोंबला. बायको गेल्यापासून सर खचलेत, असं म्हणून तिने कितीदा मनाची समजूत घातली होती. आज मात्र त्यांच्या हातातून साबण सारखा निसटत होता.

"सर, मी आज भूल देणार नाई."

"कावून?"

"तुमी पिऊन आले."

नेहरू नगरच्या त्या दवाखान्यात सर म्हणजे देवमाणूस. "मीच तुले इथं आणलं, अन् तूच मले शिकवून राहिली?" ते म्हणाले. ती ऑपरेशन थिएटरच्या दारात जाऊन उभी राहिली. ऑपरेशन दुसऱ्या सर्जनने केलं.

दवाखान्याच्या प्रमुख सुजाता मॅडम म्हणाल्या, "घरी पाठवलं न त्यायले. आता बोभाटा कायले?"

"उद्या ते दुसरीकडे ऑपरेशन करतीन, मॅडम. मेडिकल कौन्सिलले कळवाच लागते. तुमी नाई, तं मी कळवीन."

बोलून आली खरी, पण रिसाली वस्तीतल्या घरी तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं. "बाबा, ज्यानं हात धरला त्याचाच घात करून राहिली मी."

वडील प्रेमानंद स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. ते म्हणाले, "क्रेनवाला पिऊन आला तं आमी त्याले चढू देत नव्हतो. खाली माणसं असत. अन् तो दोस्त असला तं पयले आमीच अडवत होतो."

सकाळी तिने मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली, स्वतःच्या नावाने.

मग कँटीनमध्ये ती बसली की बाकीचे उठू लागले. कोणी तोंडावर फितूर म्हणालं. दारू सोडवण्याचे उपचार पूर्ण होईपर्यंत कौन्सिलने सरांची प्रॅक्टिस थांबवली. ती भेटायला गेली, तर त्यांनी दार उघडलं नाही.

वर्ष उलटल्यावर कौन्सिलच्या परवानगीने सर परतले, गालफडं बसलेली, पण डोळे स्वच्छ. त्याच आठवड्यात हायवेवरच्या अपघातातला एक ट्रक ड्रायव्हर आला. प्लीहा फुटलेली, पोटात रक्तच रक्त. संघमित्राने भूल दिली. सरांचा हात आत गेला आणि फुटलेल्या जागी अचूक थांबला. घसरलेला रक्तदाब वर चढू लागला, तसा तिने तो आकडा मोठ्याने सांगितला.

बाहेर येऊन सर सगळ्यांसमोर म्हणाले, "इनं माही तक्रार केली, म्हणून हा माणूस जिता आहे. अन् मीबी."

कँटीनमध्ये त्या दुपारी तिच्या टेबलाला खुर्च्या पुरल्या नाहीत.