संघटनेचं गाऱ्हाणं

विनोदिनी टीचर शिक्षक संघटनेची चिटणीस होऊन इतकी वर्षं झाली होती, की शाळेत कुणी नवं माणूस आलं तर लोक 'या मराठी शिकवतात' असं सांगायच्या आधी 'या आमच्या मागण्यांच्या टीचर' असंच सांगत. मागण्या! त्या शब्दाचाच तिला वीट आला होता. घसा फोडून दहा मागायच्या, मग अध्यक्ष यशवंतबाबांच्या खोलीत बसून चहा आणि मिरचीची भजी खायची आणि अर्ध्या मागण्या घेऊन बाहेर यायचं. निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली. तेवढी शांतपणे शिकवून घरी जाऊ द्या रे, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

पण कसलं काय! गौरवीचं प्रकरण निघालं.

गौरवी तासिकेवरची. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढाच पगार, मेमध्ये ठणठणाट आणि दर जूनला नव्याने 'घ्याल ना मला?' असं विचारत उभं राहायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती असंच विचारत आली होती. आता पेडण्याच्या इंग्रजी शाळांच्या बसगाड्या गावात शिरायला लागल्या, पोरं घटली, आठवीची एक तुकडी बंद व्हायची पाळी आली. संस्थेचे अध्यक्ष यशवंतबाब गौरवीला म्हणाले, "पुढच्या जूनपासून येऊ नकोस गो." झालं! तिचा नवरा डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. खाण थांबली तसा ट्रक अंगणात उभा राहिला, तो उभाच. घर हिच्या तासांवर चाललेलं.

तिने काही रडारड केली नाही. स्टाफरूममध्ये येऊन नुसती म्हणाली, "टीचर, आता काय करायचं?" आणि विनोदिनीला पुन्हा उठावं लागलं.

संघटनेने ठरवलं, की शिकवायचं तेवढं शिकवू, बाकी कशाला हात लावायचा नाही. मुख्य म्हणजे स्नेहसंमेलन करायचं नाही. यशवंतबाबांचा जीव त्या संमेलनात. पाहुणे, हार, भाषण, फोटो, वर्षभर मिरवायला तेवढंच. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत जोरात डोलावली रुद्रेशने. तोही तासिकेवरचा, गौरवीपेक्षा नवा, मराठी आणि इतिहास शिकवणारा, गोड गळ्याचा पोरगा. आठवड्याभरात बाब नमतील असा विनोदिनीचा हिशेब होता.

बाब कसले नमतात! ते देवस्थान समितीचेही अध्यक्ष. त्यांनी जाहीर करून टाकलं, की यंदा मुलांचा कार्यक्रम शाळेत नाही, रवळनाथाच्या जत्रेत होईल, देवाच्या मंडपात. ही शाळेची नव्हे, देवाची सेवा.

संपला बहिष्कार. आमच्या या मुलखात माणूस मंत्र्याला नाही म्हणेल, सासऱ्यालाही म्हणेल, पण देवाला? दुसऱ्याच दिवशी रुद्रेश तिच्यासमोर मान खाली घालून उभा. "टीचर, नांदी मला म्हणायला सांगितलीय. जत्रा म्हणजे शाळा न्हय ना?"

"न्हय बाबा, न्हय," ती म्हणाली. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं.

जत्रेच्या दिवशी ऊन कलता कलता ती देवळात गेली. तिचाही देव तोच, न जाऊन सांगते कुणाला? मंडपामागे बघते तर सगळी संघटना हजर! कुणी पोरांना फेटे बांधतंय, कुणी माइक तपासतंय. आणि तोंडात टाचण्या धरून एका मुलीला नऊवारी नेसवत बसली होती गौरवी.

"तू? अगं, तुझ्यासाठी चाललंय ना हे सगळं?"

गौरवीने टाचण्या हातावर काढल्या. "सगळे आले, टीचर. मी एकटी नाही आले तर म्हणतील, नोकरीसाठी हिने देवालाही सोडलं. आणि पोरी माझ्याच वर्गातल्या. यांना कोण नेसवणार?"

विनोदिनीला असा राग आला, असा राग आला! गौरवीचा नव्हे. बाबांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. इतकी वर्षं वाटाघाटी केल्या आणि गावातलं एवढं साधं तिच्या ध्यानात आलं नव्हतं, की बाब बोलणी शाळेतून उचलून देवळात नेऊ शकतात. ती मागे वळली, दुकानावरून नारळ घेतला आणि थेट सखाराम घाड्यासमोर जाऊन उभी राहिली. जत्रेला गावाची गाऱ्हाणी देवाच्या कानावर घालण्याचा मान सखारामचा. ज्याला मागायचं त्याने नारळ द्यायचा, काय ते सांगायचं, सखाराम ते मोठ्याने बोलतो आणि जमलेल्यांनी होकार द्यायचा. कुणाला मूल हवं, कुणाला म्हैस सापडायला हवी.

"काय सांगू टीचर देवाक?" सखारामने विचारलं.

तिने सांगितलं. त्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा बाबांकडे बघितलं. मग नारळ उचलून धरला.

"बा देवा रवळनाथा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा मंडप.

"ही तुझी लेक गौरवी, गावची पोरां शिकयता, हिच्या हातातली शाळा काढून घेव नको, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

काय आवाज उठला म्हणून सांगू! स्टाफरूममध्ये ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता ते शिरा ताणून ओरडत होते. रुद्रेशचा आवाज तर सगळ्यांच्या वर. बाब पुढच्याच रांगेत, हात जोडून. गावाचे डोळे त्यांच्यावर होते. त्यांचेही ओठ हलले. "व्हय महाराजा."

विनोदिनीचे डोळे भरून आले. कितीतरी वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

सोमवारी बाबांनी तिला बोलावलं. चहा आला, भजी आली.

"देवासमोर व्हय म्हटलं, आता मागे फिरायचा नाही मी," बाब म्हणाले. "गौरवी राहील. पण तुकडी तर बंद होणारच. तास मी कुठून आणू? तिला ठेवायची तर दुसऱ्या कुणाचे तरी काढायला हवेत. रुद्रेश सगळ्यांत नवा." त्यांनी बशी तिच्याकडे सरकवली. "कुणाचे काढू, ते संघटनेने सांगावं. मला पाप नको."

बघा, माणूस कसा असतो! रुद्रेशच्या आईचं आजारपण तिला ठाऊक होतं. त्याचा तो ताणलेला आवाज अजून कानात होता. भांडायला हवं होतं. शिक्षण खात्याकडे जायला हवं होतं, पणजीला खेपा घालायला हव्या होत्या. तिला सगळी वाट पाठ होती आणि पाय उचलत नव्हते. थकली होती हो ती, नुसती थकली होती.

"माझे घ्या," ती म्हणाली. "मी जूनच्या आधी निवृत्त होते. माझे तास गौरवीला द्या. रुद्रेशला हात लावू नका."

बाबांना नवल वाटलेलं दिसलं नाही. "तुमची मर्जी," ते म्हणाले.

"माझ्या जागेवर तिला कायम करा."

"कायम? ते मोठं लफडं, विनोदिनीबाय. सध्या तासिकेवरच राहू दे. पुढचं पुढे बघू."

कायम जागा तासिकेवर भरू देणार नाही, ही संघटनेची पहिली मागणी. तिनेच केलेली, तरुण होती तेव्हा. तीच जागा आज ती स्वतःच्या हाताने देऊन बसली होती. ती उठली. भजी तशीच राहिली.

स्टाफरूममध्ये सगळे वाट बघत होते. "गौरवी, रुद्रेश, तुम्ही दोघंही राहताय," ती म्हणाली, "मी जाते." आधी कुणी तरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. रुद्रेशच्या डोळ्यांत पाणी आलं. गौरवी धावत येऊन तिच्या पाया पडली.

"टीचर, तुमच्या जागेवर म्हणजे... मी आता कायम?"

बोलणी करून आल्यावर विनोदिनी आपल्या माणसांशी कधी खोटं बोलली नव्हती. "नाही गो. तासिकेवरच."

गौरवी उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. "म्हणजे त्याच्या पुढच्या जूनला परत विचारायचं?"

"हो."

"आणि तेव्हा तुम्ही नसणार."

विनोदिनीने एकेकाकडे बघितलं. कुणी वह्या सारख्या करत होतं, कुणी खिडकीबाहेर बघत होतं. मंडपात केवढा तो आवाज निघाला होता यांचा!

घंटा झाली. रुद्रेशने डोळे पुसून खडू उचलला. गौरवीनेही उचलला आणि ती त्याच्यामागून वर्गाकडे निघाली. तासिकेवरच्या माणसाला उशीर करून चालत नाही.