सोड तिचे हात!

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. कोथरूडमध्ये, दातांच्या दवाखान्यात. माझ्यावर मुलं बसत नाहीत, बसवली जातात. कारखान्यात मला खाली-वर होणारी पाठ जोडली, हिरवं रेक्झिन चढवलं, वर दिवा लावला. दवाखान्यात आले तेव्हा सगळे म्हणाले, "वा, काय मऊ आहे!" म्हणणारे सगळे मोठे होते.

कामाची वर्षं कशी गेली ते गोड करून सांगणार नाही. मूल रडलं की आई डोकं धरायची, बाप हात धरायचा, मावशी पाय दाबायची. दाढ निघायची. मग सगळे म्हणायचे, "बघ, झालं की नाही? दुखलं का काही?" मूल काय बोलणार, तोंडात कापूस! नखांनी माझं रेक्झिन फाटलं. कशानं फाटलं, हे कुणी विचारलं नाही. नवं कव्हर घातलं आणि पुढचं मूल आत घेतलं.

मग दवाखाना डॉक्टर शर्मिलांकडे आला. त्या लहान मुलांच्याच दातांच्या डॉक्टर. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, इथे मुलाला धरायचं नाही. आधी समजवायचं. फारच घाबरलं असेल, तर भूलतज्ज्ञांना बोलावून औषधानं झोपवायचं. तेव्हापासून पालकांची तोंडं बघण्यासारखी होतात. "एवढ्याशा दाताला भूल?" "मेंदूवर परिणाम होतो म्हणे." "दुधाचेच दात, पडणारच आहेत." "उठलीच नाही तर?" यातला शेवटचा प्रश्न खरा आहे. तो विचारलाच पाहिजे, आणि डॉक्टरांनी बसून उत्तर दिलं पाहिजे. शर्मिला देतात. पण व्हॉट्सॲपवर वाचून आलेल्याला उत्तर नको असतं.

तनयाचे बाबा, रणजित, तसेच आले. तनया पाच वर्षांची. दाढ किडून गाल सुजलेला, रात्र रात्र झोप नाही. मला बघताच तिनं किंचाळायला सुरुवात केली. रणजितनं तिचे हात आवळले. "डॉक्टर, तुम्ही काढा, मी धरतो. भूलबिल नको."

"मी धरून काढत नाही," शर्मिला म्हणाल्या. "पुढच्या प्रत्येक दाताला ती अशीच किंचाळेल. ते चालेल तुम्हाला?"

सूज उतरायला औषध घेऊन ते घरी गेले. दोन-चार दिवस डोकं खाजवलं आणि रणजित भुलीला तयार झाला. डॉक्टरांची अट एकच होती: सकाळी उपाशीपोटी यायचं.

त्या दिवशी लोणी काळभोरहून आजी मुक्ताबाईही आल्या होत्या. भूलतज्ज्ञांनी विचारलं, "काही खाल्लंय का?"

"पाणीसुद्धा नाही," रणजित म्हणाला.

"दहीसाखर खाल्ली," तनया माझ्यावर बसूनच म्हणाली. "बाबांनीच चमचा दिला."

"अहो, शकुनाची होती ती! घरातून निघताना हातावर देतातच ना?"

"हातावरच?" भूलतज्ज्ञांनी विचारलं.

आजी म्हणाल्या, "उपाशी लेकरू मागाय लागलं, मग दिली वाटीभर. त्ये काय जेवाण हाय व्हय?"

"आजी, शकुन पोटात गेला की दहीच होतो," शर्मिला म्हणाल्या. "झोपेत उलटी होऊन ती श्वासात गेली तर जीव जाईल. आज भूल नाही. परवा या."

"मी सुट्टी टाकून आलोय!" रणजित ओरडला. "मग धरूनच काढा. आई, तू पाय धर."

त्यानं पोरीचे हात माझ्यावर दाबले. तनयाला जागीच शू झाली. फ्रॉक भिजला, मी भिजले. रडणं एकदम थांबलं, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"न्हाई धरत मी," आजी म्हणाल्या. "दही आपण चारलं आन शिक्षा तिला? रणजित, सोड तिचे हात. सोड म्हनते ना!"

त्यानं सोडले.

परवा ते आले. पोट खरंच रिकामं होतं. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत उशाशी उभे राहिले, यंत्रावर तिचा श्वास बघत. दाढ निघाली. तनयानं डोळे उघडले आणि जड आवाजात विचारलं, "कधी सुरू करणार?"

 

तर मित्रांनो, दात घासा हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं सांगते. भूल म्हणजे खेळ नाही. तिच्याबद्दल घरच्यांनी डॉक्टरांना हजार प्रश्न विचारावेत, पण डॉक्टरांच्या प्रश्नाला एकही खोटं उत्तर देऊ नये. तरी घरचे ते देतील, मला अनुभव आहे. वेळ वाचवायला देतील, ओशाळून देतील, दही म्हणजे खाणं नाही असं मनापासून वाटून देतील. अशा वेळी माझ्यावर बसल्या बसल्या तोंड उघडा आणि खरं काय ते मोठ्यानं सांगा. घरी ओरडा बसला तर बसू दे. तनया बोलली, म्हणूनच परवा तिला पुन्हा येता आलं.