दारावर एकच एल

त्या आठवड्यात माझ्या पायाला भिंगरी लागली होती. कोंबड्यांना दाणे दोनदा टाकले, भिजवलेला घेवडा शेगडीवर चढवायचा राहिला, आणि झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत बसले. शनिवारी कोर्टासमोरच्या चौकात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. माझा मुलगा गेलन आपल्या बापाची पिकअप तिथं उभी करणार होता, आणि तीही ड्रायव्हरच्या बाजूचं दार लोकांकडे करून. ते दार मला लोकांना दाखवायचं नव्हतं. एवढंच माझं दुखणं.

पिकअप फोर्डची, एक्कावन्न सालची, हिरवी. म्हणजे एके काळी हिरवी. माझा नवरा कॉय स्टोव्हॉल तिच्यामागे यंत्र जोडून गावोगाव पाण्याच्या विहिरी पाडायचा. दारावर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव आणि खाली ‘वॉटर वेल्स’. अक्षरं मी काढली, सत्तावन्न साली. लग्नाला वर्ष झालं होतं. ‘वेल्स’मध्ये दोन एल लागतात. मी एकच काढला.

गावानं तेव्हा पोटभर हसून घेतलं. पेंडीच्या दुकानातला बिगर्स म्हणाला, “कॉयनं एवढी खोल खणली की एक एल आत पडला.” मरेपर्यंत तो हे बोलत होता आणि दर वेळी स्वतःच पहिला हसत होता. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, दाराची जागा संपली. पासष्ट वर्षं तेच उत्तर. मी चौथीपर्यंत शिकले, पुढं बापानं कापूस वेचायला लावलं. पण मला अडाणी म्हटलेलं मी कधी ऐकून घेतलं नाही, आणि ज्यानं एकदा म्हटलं त्यानं दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

कॉय गेल्यावर गाडी तीस वर्षं शेडमध्ये उंदरांना दिली होती. गेलन धान्याच्या कोठारावरच्या नोकरीतून मोकळा झाला आणि तिच्याखाली जाऊन झोपला, तो दोन वर्षं बाहेर आला नाही. त्याची बायको जोनेट म्हणते, “दुसरी बाई ठेवली असती तर निदान हात धुऊन घरी आला असता.” ब्रेक नवे केले, मागच्या फळ्या ओकच्या बसवल्या, कार्बोरेटर माझ्या केकच्या भांड्यात भिजत घातला. पहिल्याच दिवशी बॅटरी उलटी जोडून तारा जाळल्या. जगातल्या सगळ्या गाड्यांची वजा तार सांगाड्याला जाते, हिची अधिक तार जाते. मी खुर्चीत बसून सांगत होते, पण मी कुठं पुस्तक वाचलंय. कॉयनं पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले होते. ते गेलननं हसत हसत काढून टाकले. उन्हाळ्यात नळीतलं पेट्रोल उकळून गाडी आमच्या पत्रपेटीपाशी मेली. दुसऱ्या दिवशी चिमटे परत नळीवर होते. त्याबद्दल त्यानं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढी माणुसकी माझ्यात आहे.

मंगळवारी मी पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन शेडमध्ये गेले.

“आई, तो डबा खाली ठेव.”

“एक एल तर घालायचाय. पाव तासाचं काम.”

“त्या दाराला ब्रश लागला तर माझी दोन वर्षं पाण्यात गेली समज. नवा रंग कोणीही देतं. मूळचा रंग एकदाच असतो. उन्हानं खाल्लेला, वाऱ्यानं घासलेला. लोक तेच बघायला येतात.”

“मग माझं तोंडच नेऊन ठेव की चौकात. पहिलं बक्षीस मिळेल.”

“नेलं असतं. पण तू परीक्षकांना शिव्या घालशील.” तो चाकाशी बसला होता, मान वर न करता बोलत होता. “आणि जागाच संपली होती ना? मग लाज कसली?”

मी डबा उचलला आणि घरी आले. वाटेत दोनदा परत फिरले, दोनदा मुकाट्यानं पुढं चालू लागले.

गुरुवारी त्यानंच मला बोलावलं. जुन्या बनियनचा बोळा करून तो दाराला उकळलेलं जवसाचं तेल चोळत होता. तेल लागलं की मेलेला रंग जागा होतो. हिरवा गडद झाला, पांढरी अक्षरं वर आली, आणि अक्षरांच्या मागून पेन्सिलच्या रेघाही वर आल्या. माझ्या रेघा. कॉयच्या सुतारकामाच्या पेन्सिलनं मी आधी चौकटी आखल्या होत्या. शेवटच्या शब्दाला चार चौकटी, अगदी सारख्या. आणि चौथीच्या पुढं दीड वीत जागा, कोरी.

गेलननं त्या कोऱ्या जागेवर आपला पंजा ठेवला. बोलायच्या आधी दाढी खाजवायची सवय त्यानं बापाची घेतलीय.

“इथं अजून तीन एल बसले असते, आई.”

“तेव्हा दार लहान होतं,” मी म्हणाले.

तो हसला नाही. समोरच्या कप्प्यातून त्यानं तंबाखूचा एक डबा काढला. आत कॉयच्या चिठ्ठ्या होत्या. विहीर झाली की कॉय मालकाला चिठ्ठी द्यायचा. किती फुटांवर रेती, किती फुटांवर चिकणमाती, कुठं पाणी, सगळं आकड्यांत आणि खुणांत. एक प्रत स्वतःकडे ठेवायचा. प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्यावर त्याच्या जाड अक्षरात त्याचं नाव आणि खाली ‘वेल्स’. एकच एल. पन्नास-साठ चिठ्ठ्या, आणि प्रत्येकीवर एकच एल.

“ही बाबांची चूक आहे,” गेलन म्हणाला. “दार त्यांनीच रंगवलं. सगळं गाव तुला हसलं आणि तू त्यांना झाकत राहिलीस.”

“अक्षरं माझी आहेत.”

“हो, आणि जागाही संपली होती.” त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं, मी कुणी संत असल्यासारखं. “आता कशाला लपवायचं? गाडीसमोर कार्ड ठेवायचंय, त्यावर लिहितो, अक्षरं कॉय स्टोव्हॉलच्या हातची. माझ्याकडे बाबांचं दुसरं काय आहे, सांग ना. एक टोपी आणि एक पाना.”

एक खोटं पासष्ट वर्षं सांभाळलं की त्याच्या शेजारचं खरंही कुणी घेत नाही. मी तिथंच तोंड उघडायला हवं होतं. पण उघडलं असतं तर पुढचा प्रश्न चिठ्ठ्यांचा होता, आणि चिठ्ठ्यांचं उत्तर मला देता येत नव्हतं.

कॉयला वाचता येत नव्हतं. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात मला कळलं, आणि मला कळलंय हे त्याला कळलं, आणि तिथंच तो विषय संपला. आकडे त्याला यायचे, माझ्यापेक्षा बरे. अक्षरांशी मात्र त्याचं वैर. चर्चमध्ये माझ्या पुस्तकाकडे तिरका डोळा टाकून तो आपलं पुस्तक उघडायचा, आणि स्तोत्र पाठ म्हणायचा. रोज सकाळी नाश्त्याला मी त्याला पेपर वाचून दाखवायची. तो म्हणायचा, डोळ्यांत धूळ गेलीय, तूच वाच. आमच्या भागात धुळीची काही कमी नाही, त्यामुळे निभावलं. पोरं समजायची, आईबापाचं किती प्रेम.

दार रंगवून तीन आठवडे झाले होते, तेव्हा पेंडीच्या दुकानात मला माझी चूक समजली. कान लाल झाले. पिशवी तिथंच टाकून मी घरी आले, रंगाचा डबा आणि ब्रश बाहेर काढला. अंगणात कॉय गाडीच्या पायरीवर बसला होता. मांडीवर पेंडीच्या पोत्याचा कागद, हातात पेन्सिल, दातांत जीभ. दाराकडे बघायचा, एक अक्षर काढायचा, पुन्हा दाराकडे बघायचा. अख्खा कागद भरला होता, दोन्ही बाजूंनी. त्याचं नाव आणि तो शब्द, त्याचं नाव आणि तो शब्द. सव्वीस वर्षांचा माणूस.

“ओलेटा, बघ गं,” तो म्हणाला. “बरोबर आलंय का?”

मी बघितलं. दारासारखंच आलं होतं, हुबेहूब.

“बरोबर आहे,” मी म्हणाले, आणि ब्रश पाठीमागे धरला.

दुरुस्त करायचं तर कधी करायचं? त्यानंतर तो दर विहिरीला चिठ्ठी देऊ लागला. ज्याच्या हातात चिठ्ठी पडली असेल तो हसला असेल, पण कॉयच्या तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती. हसायला मी होते. मी जागा संपल्याचं सांगत राहिले.

शुक्रवारी मला कुठंच बसवेना. गप्प बसले तर कॉय उद्या भर चौकात मूर्ख ठरतो, तेही पोटच्या पोराच्या हस्ताक्षरात. दार माझं आहे हे पटवायला गेले तर तो चिठ्ठ्या नाकाशी धरणार. शेवटी ठरवलं की दारावर रंगच फासायचा, आख्ख्या दारावर. पोरगा बोलेल ते बोलेल. डबा घेऊन शेडमध्ये गेले तर शेड रिकामं. चांगली जागा मिळावी म्हणून तो गाडी आदल्या दिवशीच गावात घेऊन गेला होता. जमिनीवर तेलाचा डाग तेवढा होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि जोनेटला फोन केला की उद्या मला न्यायला लवकर ये.

शनिवारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. तोंडं उघडी टाकून गाड्या रांगेनं उभ्या, मागं घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांत पोटं. गेलननं दार असं चमकवलं होतं की माझ्या पेन्सिलच्या रेघा रस्त्यापलीकडून दिसाव्यात. पुढं कार्ड. कार्डापुढं हॉइट बिगर्स, त्याच पेंडीवाल्याचा मुलगा, छातीवर परीक्षकाचा बिल्ला लावून. बापाची थट्टा त्याला दुकानाबरोबर वारशात मिळालीय.

त्यानं कार्ड मोठ्यानं वाचलं. “कॉयच्या हातची? अरे देवा. म्हणजे आम्ही इतकी वर्षं भलत्याच माणसाला हसलो.” तो भोवतीच्या लोकांकडे वळला. “कॉयला दोनशे फुटांखालचं पाणी सापडायचं, पण नाकासमोरचं अक्षर सापडायचं नाही.”

माणसं हसली. वाईट हसली नाहीत, उन्हात उभी राहिलेली माणसं हसतात तशी. गेलनही हसला. स्वतःच्या बापावर हसावं लागतं तेव्हा माणूस हसतो तसं.

बाहेरगावचा एक तरुण वाकून रेघा बघत होता. त्यानं सरळपणानं विचारलं, “त्यांना लिहिता-वाचता यायचं ना?”

“म्हणजे काय,” गेलन म्हणाला. “रोज सकाळी पेपर...” आणि तो थांबला. “रोज सकाळी आई त्यांना पेपर...”

त्याचा हात दाढीकडे गेला. माझ्या डोळ्यांदेखत तो एकेक गोष्ट जोडायला लागला होता. पेपर, चर्च, धूळ. अजून दोन मिनिटं मिळाली असती तर पोचला असता.

“हॉइट,” मी म्हणाले, “ते कार्ड खोडून टाक.”

“ओलेटाबाई, तुम्ही खुर्चीत बसा ना, ऊन...”

“मला ऊन लागत नाही. दार मी रंगवलं. जागा भरपूर होती, डोळे असतील तर दिसतेय. मला तो शब्दच येत नव्हता. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. विहिरीला किती एल लागतात ते मला तुझ्या बापानं शिकवलं, चार माणसांत.”

समोरच्या गाडीचं इंजिन तेवढं चालू होतं.

“पण तुम्ही तर सांगत होता,” हॉइट म्हणाला, “की जागा...”

“खोटं सांगत होते. पासष्ट वर्षं. हातात पेन आहे ना? मग लिहून घे.”

गेलन माझ्याकडे बघत होता. “मग बाबांच्या चिठ्ठ्या?”

“तुझा बाप मला विचारून लिहायचा. बायको चुकू शकते असं त्याला कधी वाटलंच नाही.” मी हॉइटकडे वळले. “त्याच्यात तेवढा एकच दोष होता. तुझ्या बापात किती होते ते मोजायला कार्ड पुरणार नाही.”

मग हसले सगळे. आता माझ्यावर. हॉइट तर डोळे पुसत म्हणाला, “चौथी पास बाईनं आख्ख्या गावाला उल्लू बनवलं.” जिभेवर उत्तर होतं, चांगलं होतं. मी ते गिळलं. हसू दिलं त्यांना, पोटभर.

गेलननं कार्ड उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला लिहिलं, ‘अक्षरं ओलेटा स्टोव्हॉलची.’ सावकाश लिहिलं. लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावलं नाही, माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा दाढीशी हात. त्याला किती कळलं आणि किती नाही, ते मला कळलं नाही. त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, तेही मला ठाऊक नाही.

त्यानं दाराशेजारी माझ्यासाठी खुर्ची उघडून ठेवली. मी थंड चहा आणते म्हणून निघाले, चौकाला दोन वेढे घातले आणि चहा न घेताच परत आले. खुर्ची तशीच रिकामी होती. मी तिच्या पाठीला धरून उभी राहिले.