खिशाचे तीन फर्मे

मोबाइलवरचं ते चित्र शिलाईवाल्या रश्मीनं आधी साजियाला दाखवलं, मेघनाला नाही. पुढच्या सगळ्या घोळाला सुरुवात तिथूनच झाली.

"ताई, हे बघा. आपलाच खिसा हाय ना ह्यो?"

साजियानं हातातला खडू खाली ठेवला. बारामतीच्या कुठल्याशा दुकानाची जाहिरात होती. एका गोऱ्या पोरीच्या अंगात सैलसर शर्ट, त्याला डाव्या बाजूला तिरका खोल खिसा, आणि खिशावर लाल, पिवळ्या, निळ्या दोऱ्याच्या तीन ओळी. शर्ट कुणीही शिवेल, पण तो खिसा त्यांचा होता. अजून बाजारात आलेला नव्हता. पुण्याच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडायचा म्हणून 'बानू' या त्यांच्या कंपनीच्या पेजवर त्याचा फोटोसुद्धा टाकला नव्हता.

अंथुर्ण्यात दूध डेअरीच्या वरच्या हॉलमध्ये 'बानू'चं काम चालायचं. मेघनाच्या आजीचं नाव बानूबाई. लोणी भापकरच्या रानात ती जन्मभर राबली, ती साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवून. या भागात उसात, डाळिंबात जाणारी प्रत्येक बाई तेच करते. पाचट कापत नाही, ऊन लागत नाही. मेघना पुण्याला फॅशन डिझाइन शिकली आणि तिला वाटलं, हा उसना शर्ट बाईच्या मापाचा का नसावा? बारामतीच्या एका गारमेंट कारखान्यात ती ऑफिसात होती, साजिया कटिंगच्या टेबलावर. जेवणाच्या सुट्टीत दोघींनी वाया गेलेल्या कापडातून पहिला शर्ट कापला. पुढं दोघींनी एकदमच नोकरी सोडली. आता पुण्या-मुंबईच्या बाया तो जीन्सवर घालायच्या आणि मेघनाच्या मुलाखती यायच्या. कंपनी मेघनाच्या नावावर होती. साजियाची भागी होती, पण ती तोंडी. शेळगावच्या घरी तिचा नवरा गुलजार अधूनमधून म्हणायचा, "कागद करून घे." ती म्हणायची, "मेघनाशी कसला कागद करायचा?"

त्या दिवशी मेघना प्रदर्शनवाल्यांना भेटायला पुण्याला गेली होती. तिकडं तिचा जीव कशाला घाबरा करायचा, आली की सांगू, असं साजियानं ठरवलं. संध्याकाळी मेघना जिना चढून आली ती ताठ चेहऱ्यानं. वाटेतच कुणीतरी तिला ते चित्र पाठवलं होतं.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"सकाळी रश्मीनं दावलं. तू आल्यावर सांगणार व्हते."

"सकाळी," मेघना म्हणाली. एवढंच. पण तो शब्द तिनं असा उच्चारला की तो कितीतरी वेळ साजियाच्या कानात वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशीपासून हॉलच्या दारात एक टोपली आली. आत शिरताना मोबाइल तिच्यात टाकायचा. मग कॅमेरा आला, आणि त्याचं तोंड नेमकं कटिंगच्या टेबलाकडं. "विम्यासाठी लागतो," मेघना म्हणाली. नमुन्याचे आणि तयार शर्ट कपाटात गेले आणि कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये. साजिया स्वतःची समजूत घालत राहिली की हे सगळ्यांसाठी आहे. तरी टेबलाशी उभं राहिलं की पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटायचं आणि कात्री जड व्हायची.

मग एकदा चहा पिता पिता मेघनानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "साजियाताई, मुबीनभाऊ इंदापूरच्या दुकानात लेडीजचे कपडे पण ठेवतात का आता?"

मुबीन म्हणजे साजियाचा धाकटा दीर. शाळेचे गणवेश आणि रेडिमेड कपडे विकायचा.

"ठेवतो थोडे. का गं?"

"काही नाही. असंच."

'असंच' विचारलेलं कधी असंच नसतं, हे साजियाला कळत होतं. राग आला. पण बसनं घरी जाताना तिच्या मनात दुसरीच पाल चुकचुकली. ईदला मुबीन तिला न्यायला हॉलवर आला होता. शर्ट हातात धरून म्हणाला होता, "भाभी, ह्यो तर आमच्या दुकानात बी खपंल." तेव्हा दोघं हसले होते. आता ते हसणं तिला आठवेना, नुसतं वाक्य आठवत होतं. घरी सासूनं, बिबीजाननं, दोनदा जेवायला हाक मारली तरी ती पायरीवर बसूनच होती.

"कुणाशी भांडून आलीस?" बिबीजाननं विचारलं.

"न्हाय अम्मी."

"मग कुणाशी भांडायचंय?"

शेवटी ती इंदापूरला गेलीच. पोराच्या गणवेशाचं निमित्त केलं. मुबीन गिऱ्हाइकात होता. तिनं पुढच्या मांडणीवरून नजर फिरवली, मग पडदा सारून मागच्या खोलीत शिरली. गठ्ठे उचकले. हिरव्या-पांढऱ्या चौकड्या, पीटीच्या चड्ड्या, टाय. तिरका खिसा कुठंच नव्हता. वळून बघते तर मुबीन पडदा धरून उभा.

"भाभी, गणवेश तर पुढं टांगल्यात. हितं काय शोधताय?"

तिला खोटंही सुचेना. चित्राचं, टोपलीचं, मेघनाच्या प्रश्नाचं, सगळं तिनं सांगून टाकलं. मुबीन ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला.

"तिनं इचारलं ते ठीक हाय. तिला मी कोण? पण तुमी झडती घ्यायला आला?" तो म्हणाला. "सरळ इचारलं असतं तर कुलूप काढून माळासुद्धा दावला असता."

पोराचा गणवेश त्यानं कागदात बांधून दिला. पैसे मात्र घेतले. त्या घरात दिरानं भावजयीकडून पैसे घेतल्याचं साजियाला आठवत नव्हतं.

इकडं प्रदर्शन जवळ आलं. मेघनानं नवी पद्धत काढली. टेबलावर गर्दी होते, तेव्हा खिसे आपापल्या घरी कापा आणि टाका घाला, असं म्हणून तिनं साजिया, रश्मी आणि लक्ष्मीबाई अशा तिघींना खिशाचा एकेक फर्मा, म्हणजे कापायचा कागदी साचा, पाकिटात घालून दिला. बाकीचे खिसे पहिल्यापासून बारामतीच्या बचत गटातल्या बाया करतात, असं ती म्हणायची. त्या बाया कुणी पाहिल्या नव्हत्या. पण त्यांचं काम यायचं ते इतकं एकसारखं, की साजिया एकदा म्हणालीही होती, "हात चांगला हाय गं त्यांचा."

रश्मीच्या पोरानं फर्म्यावर चहा सांडला. ती सकाळी लवकर हॉलवर आली आणि साजियाला म्हणाली, "तुमचा द्या, उतरून घेते." तिनं कापलेले खिसे साजियाच्या फर्म्यावर ठेवले. जुळेनात. रश्मीचा खिसा खालच्या कोपऱ्यात गोल होता. साजियाचा टोकदार.

"मीच चुकले वाटतं," रश्मी म्हणाली.

इतक्यात लक्ष्मीबाई आली. साजियानं तिचाही फर्मा मागून घेतला आणि तिन्ही एकावर एक ठेवले. लक्ष्मीबाईच्या फर्म्याचा तिरकेपणा बोटभर कमी होता.

"मेघनाबाईंच्या घाईनं असं झालं आसंल," लक्ष्मीबाई म्हणाली.

साजियाला ते पटेना. मेघनाला तिनं कारखान्यात वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ती घाईत जेवण विसरायची, माप कधी विसरायची नाही. तीन बायांना तीन निराळे खिसे. बाजारात आता जिच्या फर्म्यासारखा खिसा दिसेल, ती चोर. साजियानं दोघींचे कागद त्यांना परत दिले, "मेघनाला विचारून एक करून घेऊ," म्हणाली, आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून उभी राहिली.

त्याच दिवशी दुपारी टोपलीत तिचा मोबाइल वाजत राहिला. मुबीन होता. गणवेश विकत दिल्यापासून तो बोलला नव्हता.

"भाभी, मी बारामतीत हाय. कंप्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याकडं शाळेचे बिल्ले करायला आलोय. तुमी जो खिसा माझ्याकडं शोधत व्हता ना, तो हितं भिंतीला टांगलाय."

साजिया मिळेल त्या गाडीनं बारामतीला पोचली. मुबीन स्टँडवर घ्यायला आला होता. दुकान मोहनराव नावाच्या वयस्क माणसाचं होतं. आत एका ओळीत सुया असलेलं मोठं यंत्र खडखडत होतं आणि भिंतीवर नमुने टाचलेले होते: देवाच्या गाद्या, क्रिकेटच्या संघाचे वाघ, एका बँकेचं नाव, आणि मधोमध तो खिसा. तीन रंगांच्या तीन ओळी. मशीननं हाताच्या टाक्याची हुबेहूब नक्कल केली होती.

"हे कुणाचं काम, तात्या?"

"ते बानूवाल्या मॅडमचं," मोहनराव कौतुकानं म्हणाला. "मोठी ऑर्डर दिली त्यांनी. देखणं झालं म्हणून एक पीस भिंतीला लावला. बघून दोघा-तिघांनी तसंच करून नेलं. का, तुमाला बी पायजे?"

त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं. भिंतीवर लावलेलं ते सगळ्यांसाठीच, असाच त्याचा धंदा. साजियानं तो खिसा मागून घेतला. बाहेर आल्यावर ती मुबीनला म्हणाली, "मला माफ कर."

"करीन," मुबीन म्हणाला. "आत्ता लगेच न्हाय." आणि त्यानं गाडीला किक मारली.

ती हॉलवर आली तेव्हा बाया घरी गेल्या होत्या. मेघना लॅपटॉपवर कुणाशी तरी बोलत होती. "प्रत्येक खिसा हातानं, आमच्या गावातल्या बायांच्या हातानं. हीच आमची ओळख आहे." साजिया दारात थांबून राहिली. बोलणं संपल्यावर तिनं खिसा टेबलावर ठेवला.

मेघनानं तो ओळखला. तिचा चेहरा उतरला.

"बचत गट ह्यो व्हय?" साजियानं विचारलं.

"प्रदर्शनाला शर्ट खूप लागणार होते. आपल्या हातानं झालं नसतं. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणलेच असते. खरं, तू मला न्हाय सांगितलं ते एक येळ जाऊ दे. त्याच्या भिंतीवरून लोकांनी उचललं, आन् तू आमच्या घरात चोर शोधलास. तीन फर्मे दिलेस, मेघना. मी ते एकावर एक ठेवून बघितले."

"मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं."

"मुबीनचं घेतलंस. आन् तुझं ऐकून मी बी त्याची खोली उचकली."

मग मेघना खाली बघत म्हणाली, "मशीनवाल्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगते. ते लपवायचं होतं ना, म्हणून तिकडं मन जातच नव्हतं. माणसंच दिसत होती." ती थांबली. "हॉस्टेलवर कुणाचं काही हरवलं की आधी माझी बॅग उघडायचे. आडनाव कळल्यापासून. मी ठरवलं होतं, आपण कधी कुणाशी असं वागायचं नाही."

"मग तुला तर ठावं व्हतं, कसं वाटतंय ते," साजिया म्हणाली.

मेघना रडली, पण साजिया तिच्या जवळ गेली नाही. एरवी गेली असती. तिनं कपाटाची किल्ली मागितली, मशीनचे खिसे लावलेले सगळे शर्ट बाहेर काढले आणि त्यांच्यावरची 'हातशिलाई'ची चिठ्ठी एकेक करून कात्रीनं कापली. थोड्या वेळानं मेघनाही दुसऱ्या टोकाकडून कापायला बसली.

दुसऱ्या दिवशी मेघनानं बायांना सगळं सांगितलं. लक्ष्मीबाईला तीन फर्म्यांची भानगड कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर तिनं डबा उचलला आणि घरी गेली. परत आली नाही. रश्मी राहिली, पण टोपली तिनं स्वतःच्या हातानं जिन्याखाली नेऊन टाकली. मेघना इंदापूरला मुबीनच्या दुकानात जाऊन आली. तिथं काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. आणि साजियानं कागद मागितला. या वेळी तिला त्याची लाज वाटली नाही. वकिलाकडं जाऊन कंपनी दोघींच्या नावावर झाली.

प्रदर्शनाला मेघना एकटी गेली. हातशिलाईचे शर्ट मोजकेच होते, ते वेगळे टांगले. मशीनचे वेगळे, कमी किमतीला, तशी पाटी लावून. साजियाला तिनं चल म्हटलं होतं, पण साजियाचं मन होईना.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी फोन आला. मागं गर्दीचा गलका होता.

"साजियाताई, हाताचे सगळे गेले! आणि मी प्रत्येकीला सांगितलं, कापणारी साजिया आहे, माझी पार्टनर. तुझं नाव सगळ्यांना सांगितलं."

"बरं झालं," साजिया म्हणाली.

फोन ठेवला तरी ती ओसरीवर उभीच होती. मेघनानं खरंच सांगितलं असेल का? का तिला बरं वाटावं म्हणून नुसतं म्हणाली? आधी असा प्रश्न तिच्या मनाला शिवला नसता. आता तो आपसूक येऊन बसला होता आणि त्याला हाकलावं कसं ते तिला समजत नव्हतं. बिबीजान आतून विचारत होती, कुणाचा फोन होता, काय म्हणाली.

साजियानं पुन्हा फोन लावला.

"मेघना, मुंबईचं प्रदर्शन कधी हाय म्हणालीस?"

"जानेवारीत. का गं?"

"मी येणार हाय. शर्ट मी विकीन. तू शेजारी उभी ऱ्हा."

"ये," मेघना म्हणाली.

त्या एका शब्दात काय काय होतं, हे साजियानं या वेळी मोजायचं नाही असं ठरवलं, आणि ती आत गेली.