बोलत बोलत वर

साइटवर त्याला सगळे 'वरचे साहेब' म्हणत. खरे साहेब खाली, पत्र्याच्या ऑफिसात पंख्याखाली बसायचे. हा बसायचा टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्याही वर, आणि लोखंडाचे भारे इतके अलगद उतरवायचा की खाली कोणी चहा पीत असला तर त्याने मान वर करायचीही गरज नसे. त्याच्या बायकोला या गोष्टीचा फार अभिमान होता.

आणि तिनेच त्याला खाली आणलं होतं.

त्याचं घोरणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. धडकी भरायची ती घोरणं थांबल्यावर. श्वास मधेच अडायचा, छाती नुसती धडपडत राहायची, मग ती कोपर मारायची तेव्हा कुठे त्याचा श्वास मोकळा व्हायचा. पुढे पुढे जेवतानाही त्याची मान पडायला लागली. डॉक्टरांचं नाव काढलं की हा अंगावर यायचा. शेवटी तिला राहवेना. ती परस्पर साइटवर गेली आणि खालच्या साहेबांच्या कानावर सगळं घालून आली. त्याला त्याच दिवशी क्रेनवरून उतरवलं.

डॉक्टरांनी स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, सांगितला. झोपताना लावायचं मास्कचं मशीन दिलं, आणि वर व्यायाम. साहेब म्हणाले, झोप सुधारली, दम वाढला आणि न थांबता शिडी चढून दाखवली, तर केबिन तुमचीच. नाही तर गोदाम सांभाळा. त्याने बायकोशी अबोला धरला. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण ताटात मीठ कमी असलं तरी हा मुकाट उठून स्वतः घ्यायचा.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर व्यायामाची खोली होती. तिथली फिजिओ म्हणजे चिमणीएवढी बाई, पण आवाज खणखणीत. तिने त्याला जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर बसवलं आणि पेडल हळूहळू जड करत नेलं. थोड्याच वेळात हा लालबुंद झाला, डोळ्यांसमोर अंधारी आली. तिने सायकल थांबवली.

"पायांत जोर आहे तुमच्या. मग श्वास का रोखताय?"

"मी? छे."

पुन्हा बसवलं. पेडल जड झालं की त्याची नजर एका जागी खिळायची आणि छाती गप्प व्हायची. या वेळी ते त्याचं त्यालाच जाणवलं.

"भार टेकवताना धरतो मी श्वास," तो ओशाळून म्हणाला. "हात हलू नये म्हणून. आमच्यातले सगळेच धरतात."

"वा! म्हणजे झोपेत श्वास आपोआप अडतो आणि जागेपणी तुम्ही अडवता. त्या बिचाऱ्या हृदयाने जायचं कुठे?" मग ती जरा मवाळ झाली. "तुम्ही आडवे असता ना, तेव्हाही ते चढावर धावत असतं. इतकी वर्षं. आणि सकाळी उठून तुम्ही त्याला शिडी चढायला लावता."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली बायको त्याच्या शर्टाकडे बघतच राहिली. त्या शर्टामागे कोणीतरी न बोलता, न कुरकुरता इतकं राबत होतं, आणि आपण त्याला कोपरं मारत होतो, या विचाराने तिचे हात जोडले गेले.

"यावर उपाय एकच," फिजिओ म्हणाली. "पेडल मारताना बोलत राहायचं. बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. कोणाशी बोलाल?"

त्याने खोलीभर नजर फिरवली. फिजिओ सोडली तर खोलीत बायकोशिवाय होतं कोण?

पहिल्या दिवशी त्याने भिंतीवरच्या सगळ्या सूचना मोठ्याने वाचल्या. दुसऱ्या दिवशी पंखा फिरतोय, खिडकी उघडी आहे, असली बातमीपत्रं दिली. तिसऱ्या दिवशी सूचनाही संपल्या आणि खिडकीही. तेव्हा बायकोने मान खाली घालूनच विचारलं, "वरून काय दिसतं हो?"

तो नुसतं पेडल मारत राहिला.

"बोला," फिजिओ ओरडली.

"पाखरांची पाठ दिसते," तो म्हणाला. "खालून आपल्याला पोटच दिसतं त्यांचं. वरून पाठ दिसते." दोन दमदार श्वास घेऊन पुढे म्हणाला, "ढगाची सावली छपरांवरून चालत येते. आधी आपल्या गल्लीवर पडते, मग साइटवर."

इतकी वर्षं हा माणूस संध्याकाळी घरी येऊन जेवायचा आणि घोरायचा. त्याच्या पोटात एवढं आभाळ साठलंय, हे तिच्या गावीही नव्हतं. ती विचारत गेली, तो सांगत गेला. सायकल जड होत गेली आणि त्याचं बोलणं तुटेनासं झालं. मशीन लावून तो शांत झोपू लागला. जेवताना त्याची मान ताठ राहू लागली. घरी मात्र अजून मीठ तो स्वतःच घ्यायचा.

डॉक्टरांनी होकार दिला, आणि शिडीचा दिवस ठरला. साहेबांनी त्याच्या कॉलरला वायरलेसचा माइक अडकवला. "फिजिओबाईंचा निरोप आहे, बोलत चढायचं," ते म्हणाले, आणि दुसरा वायरलेस त्यांनी त्याच्या बायकोच्या हातात दिला. त्याने कमरेचा पट्टा अडकवला आणि चढू लागला.

"पहिला टप्पा," वायरलेसमधून आवाज आला. "गंज काढायला हवा इथला." मग नळवाल्यांची चेष्टा, साहेबांच्या पंख्याची चेष्टा. साइटवरचे हात एकेक करून थांबले. सगळ्यांनी माना वर केल्या होत्या. तिला आता त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं पिवळं हेल्मेट दिसत होतं, आणि आवाज मात्र शेजारी बसल्यासारखा.

मग आवाज हलका झाला.

"या टप्प्यावर बसायचो मी. दम लागायचा." पाय चालूच होते, शिडीचा ठण ठण आवाज ऐकू येत होता. "एकदा इथंच झोप लागली होती. उभ्या उभ्या, पट्टा न लावता. जागा झालो तेव्हा एकच हात दांडीवर होता. कोणाला बोललो नाही. तुलाही नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.  तिने वायरलेस दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"तू जाऊन सांगितलंस," तो वर चढता चढता म्हणाला, "म्हणून मी आहे."

तो तिथे थांबला नाही. पिवळा ठिपका लहान होत गेला आणि केबिनच्या दारात शिरला.